अनुपान

गंगावेशीत, दूधकट्ट्यापासून चार दुकानं सोडून
आमचं काष्ठौषधीचं दुकान.
पाटीवर अजून बाबांचंच नाव, आदाप्पा सातगोंडा मगदूम,
'मगदूम'मधला म गंजलेला.

बाबा म्हणायचे, पुडी बांधायच्या आधी विचार,
कशातनं घेणार?
हळद नुसत्या पाण्यातनं घेतली
तर पिवळी आत जाते, पिवळीच बाहेर पडते.
आतड्याच्या उंबऱ्याशी घुटमळते,
चिमूटभर शिरलीच आत
तर यकृत तिच्यावर शिक्का मारून
आल्या वाटेनं लावून देतं.
तिला सोबत लागते. सायीची, तुपाची,
आणि दोन मिऱ्यांची.
मिरी भारी बोलघेवडी.
दारावरच्या पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवते,
तोवर हळद मागच्या मागं रक्तात.

हे मी हजार गिऱ्हाइकांना सांगितलं असेल.

दस्तगीर मुल्लाणी आला मंगळवारी.
एके काळी तालमीत त्याच्या मानेला हात घालायला
पोरं बिचकायची.
आता तोंडाला मास्क, शर्ट खांद्यावर सैल.
"आक्का, गुळवेल दे. बोटाएवढ्या चार कांड्या.
गल्लीत घरटी ताप हाय. जरा ताकद पायजे."

वजनकाट्यावरचा माझा हात तिथंच राहिला.

साथीच्या वर्षी आम्ही गुळवेल पोत्यानं विकली.
कुणाला विचारलं नाही, कशातनं, किती दिवस.
सुतारांच्या जानकीकाकी तीन महिने
दोन वेळचा काढा घेऊन दुकानात आल्या
तेव्हा डोळे पिवळे होते.
हळदीनं नव्हे.
बाबा त्या दिवशी गल्ला न मोजताच घरी गेले.

आणि दस्तगीरच्या तर पोटात, उजवीकडं खाली,
चौदा महिने झाले,
शमशादचं मूत्रपिंड राहायला आलंय.
कागलहून आलेली बहीण, तिथंच आहे नांदायला,
तिचं एक मात्र इथं
परगावच्या पाहुण्यासारखं,
आवाज न करता काम उरकतंय.

गुळवेल काय करते?
कडुनिंबावर चढणारी वेल ती,
कडूशार, उठवायची सवय तिला.
रक्तातल्या पांढऱ्या शिपायांना गदागदा हलवते,
उठा, बघा, घरात कोण शिरलंय.
तुझे शिपाई झोपलेले हवेत रे.
सकाळी आठ, रात्री आठ,
त्यासाठीच तर त्या कॅप्सूल.
जागे झाले तर ते चेहरा बघतील,
बहीण हा शब्द
त्यांना कुणी शिकवलेला नाही.

"अख्ख्या गावाला देतीस, मलाच न्हाई?"
"नाही."
"बरं, मग हळद-मिरी तरी?"
"तीही नको."
ज्या पहारेकऱ्याला मिरी गुंतवते
त्याच्याच हाती तुझ्या कॅप्सूलचं माप आहे.
तो गप्पांत रमला
तर औषध मापाबाहेर आत जाईल,
आणि सोसायचं कुणी? शमशादच्या मूत्रपिंडानं.

तो रागावून बसला, स्टुलाचा एक पाय आखूड, तो डुगडुगला.
मी पुडीच्या कागदावर लिहिलं:
गुळवेल, मिरी, हळदीच्या गोळ्या, कुठलाही काढा,
तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
न विकलेल्या मालाची पावती.
त्यानं ती चार घड्या घालून
खिशातल्या रिपोर्टाला टाचली.

मग रस्ता ओलांडून कट्ट्यावर गेला.
मी बघत होते.
म्हैस पान्हावलेली, धार तांब्यात वाजत होती.
त्यानं मोठा गिलास घेतला, फेसाचा,
जन्मभर पहाटे घ्यायचा तसला.
कच्चं दूधही वर्ज्य आहे त्याला, ठाऊक आहे त्याला.
मास्क खाली ओढून नुसता वास घेतला, बराच वेळ,
आणि लंगोट खांद्यावर टाकून निघालेल्या
एका पोराच्या हातात गिलास दिला.

पोरगं घटाघटा पीत होतं.
दस्तगीरचा दुसरा हात
शर्टावरून, उजवीकडं खाली,
हळूहळू थोपटत होता,
बाहेरच्या गलक्यानं कुणी जागं होऊ नये
तसा.