जीव

घोडी सांबरशिंगाची, दोन बोटं रुंद.
तिच्यावर जुन्या तारेनं पाडलेली चरी,
बारीक, तिरकी, मागे विरत गेलेली.
म्हणजे तार इथं नुसती टेकत नव्हती, लोळत होती.
पुरावा एवढाच. बाकी सगळा अंदाज.

वाद्य निपाणीहून आलं, तंबाखूच्या वखारीतून.
अजून भोपळ्याशी नाक नेलं की शिंक येते.
लांब मान, ताताचे पडदे, निम्मे तुटलेले.
नाव विचारलं तर संकेश्वरचे एक जाणकार
बराच वेळ चष्मा पुसत बसले.

चाळीस वर्षं शहापुरात
मी लोकांच्या वाद्यांतली खरखर काढली.
"मास्तर, तार कुठंतरी लागायलीय, तेवढं बघा की."
बघितलं, काढलं, पैसे घेतले.
आता तीच कानस घेऊन
तीच खरखर घालायला बसलोय.

पडदा कागदाइतका खाली घेतला, तर माशी घोंघावली.
आणखी घेतला, तर पत्र्यावर खडे.
तात बदलली. घोडीला उतार दिला, मोडला, पुन्हा दिला.
आतून बायको म्हणाली,
"पिठाची गिरण घातलासा काय घरात?"

निंगव्वा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.
तिचा माग विकून चार वर्षं झाली,
रेशमाची एक लड तेवढी डब्यात राहिलीय.
"हिंग अल्लरी मास्तर," म्हणाली,
आणि धागा थुंकी लावून पिळला.
सूत फणीत अडलं की माग असाच बोलायचा म्हणे,
ती रागवायची त्याच्यावर.

तारेखाली धागा घातला. आमच्या धंद्यात त्याला जीव म्हणतात.
केसाएवढा पुढे सरकवला.
काही नाही.
अजून अर्धा केस,
आणि तार उघडली.
एकाच तारेत दोघं बोलायला लागले,
एक कानडीत, एक मराठीत,
न भांडता, एकमेकांचं वाक्य पुरं करत.
निंगव्वानं डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही,
डब्याचं झाकण मात्र
हातातच राहिलं तिच्या.

धाग्याच्या जागी पेन्सिलीनं खूण केली.

रात्री हवा ओलावली.
सकाळी धागा खुणेवरच होता,
तार मुकी.

दारात गिऱ्हाईक, काखेत तंबोरा.
"मास्तर, खरखर यायलीय."
ठेवा तिथं, म्हटलं.
लगेच हात लावणार नाही.
आधी ऐकतो.