सोन्ने

जांबोटीकडून काजूबियांच्या टेम्पोतून
तुळसा धाकलू गावडे आली तेव्हा
तिला डोळे नव्हते, दोन चिरा होत्या.
अंगभर गांधी.
त्यांच्यावरूनच तर माशीचं नाव पडलं, गांधीलमाशी.
बोंडावर बसली होती म्हणे, हात टाकला आणि.

डॉक्टर बडिगेरांनी मांडीत इंजेक्शन दिलं,
सिस्टर कानडीत काही म्हणाली, श्वासाबद्दल,
आणि माझ्याकडे आली
जांभळ्या बुचाची नळी, अजून कोमट.

मी लॅबवाली.
खानापुरातली माणसं माझ्याकडे थेंबानं येतात.
थेंब काचेवर ओढायचा,
शेवटाला जिभेसारखा पातळ,
मग लेशमनचा रंग, मग पाणी.
पाणी बेतानं.
बेसोफिलचे दाणे पाण्यात विरतात.
जास्त धुतलं की पेशीत नुसती भोकं उरतात,
भाडेकरू गेल्यावर भिंतीत
खिळ्यांची उरतात तशी.

बेळगावात शिकताना सर म्हणायचे,
शंभर पांढऱ्या पेशी मोजा, त्यात हा एक.
कधी तोही नाही.
निळ्याकाळ्या दाण्यांनी इतका गच्च
की आतलं केंद्रक दिसू नये.
जांभळं कोंबलेली बाजाराची पिशवी,
शिवणीतून डाग फुटलेली.

त्या दाण्यांत हिस्टामिन.
आणि पेशीच्या अंगावर बारीक चिमटे,
मागल्या वर्षी घडवलेले.

‘मागल्या चैतातबी चावलीवती की,’
तुळसा नंतर सांगणार होती, आवाज परत आल्यावर.
‘तवा कायबी झालं न्हवतं गे.
चुना लावला आन् कामाला लागले.’

तिला काही झालं नव्हतं.
तिच्या रक्ताला झालं होतं.
त्यानं विषाचा ठसा घेतला,
त्याच मापाचे चिमटे केले,
बेसोफिलवर बसवले, कातडीतल्या मास्ट पेशींवर बसवले,
आणि ती बोंडं पिळत होती, भाकऱ्या थापत होती,
एकदा मुलीकडे नंदगडला जाऊन आली,
तोवर वर्षभर
गप्प.

एका माशीचं विष ते केवढं.
त्यानं ती मेली नसती.
आज दोन चिमट्यांत मिळून तोच कण अडकला
आणि दाण्यांची तोंडं उघडली,
नसा सैलावल्या, पाणी झिरपलं, गळा आवळला.
हे सगळं तिच्याच घरच्यांनी केलं,
तिला वाचवायला.

मी मोजते.
न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल, लिम्फो, न्यूट्रोफिल,
काउंटरची कळ अंगठ्याखाली टकटक.
शंभर.
दोनशे.
मग हट्टानं तीनशे.
एकही नाही.

पाणी जास्त झालं का माझ्याकडून?
दुसरी काच केली, श्वास धरून धुतली.
नाही.

मग आठवलं, अशा वेळी ते रक्तात सापडत नाहीत.
काही दाणे टाकून बसलेले, ओळखू न येणारे,
काही रक्त सोडून सुजेच्या वासानं आत गेलेले.
भांडणाच्या दुसऱ्या दिवशी चौकात
नेमकी तीच चार माणसं नसतात, तसं.

फॉर्म कानडीत आहे.
नाव मी कानडीत लिहिते, तुळसा,
ळ दोघींकडे आहे, अडत नाही.
शेवटचा रकाना बेसोफिल. तिथं ०.
डॉक्टर तो रकाना वाचत नाहीत,
तिथं बहुतेक शून्यच असतं.
हे निघून गेल्याचं शून्य आहे,
असं लिहायला फॉर्मात जागा नाही.

सिस्टर कागद उचलते, थबकते.
‘सोन्ने?’
सोन्ने, मी म्हणते. शून्य.

पलीकडच्या खाटेवरून
घोगरा, सुजलेला, पण आवाज:
‘टेम्पोतल्या बिया कुणी उतरवल्या का गे?’