सूचना असल्यास

हुपरीला मी पाच चेहरे घेऊन गेले,
कागदावर छापलेले.
हसरा, जरासा हसरा, सपाट,
उरलेले दोघे कुणी निवडणार नव्हतं.

चष्मे वाटून सहा महिने झालेले.
एकशे चाळीस बायका,
पैंजणाच्या कड्या जोडून जोडून
सुईचं नाक दिसेनासं झालेल्या.
सगळ्यांनी हसऱ्यावर बोट ठेवलं.
शालन वाईंगडेनं तर चष्मा न लावताच,
चेहरा कुठला ते शेजारणीला विचारून.
"फुकट दिल्याला नाव ठेवू ने, ताई."
दुपारपर्यंत सदतीस हसरे
माझ्या फायलीत गप्प बसलेले.

आक्काताई गाटनं कागद उलटा केला.
"हिकडं काय न्हाई व्हय?"
तिकडं कोरं होतं.
"मग हितं लिव. मी सांगतो."

मी सांगतो.
इथल्या बायका अशाच बोलतात,
मी जातो, मी जेवलो, मी काय रडलो न्हाई.
पेन आपल्या वळणानं लिहीत गेलं: मी सांगते.
तिनं मोठ्यानं वाचायला लावलं.
"ही कोण बाई आणि? मी असं कवा बोललो?"

खोडलं. पुन्हा लिहिलं.

"चष्मा ब्येस हाय.
पण झाळाय बसलो की घामानं नाकावरनं सरतोय.
एक हात फुंकणीला, एक चिमट्याला,
तिसरा कुठनं आणू?
म्हणून डब्यात ठेवलोय. पावणं आलं की लावतो."

थांबली. कोळसा सारखा केला.

"आणि एक. चष्मा लावून
शेटची चिठ्ठी पयल्यांदा वाचलो.
घट म्हणून किती कापत्यात, ते दिसलं.
त्याला तुमच्यात चेहरा कुठला?"

मी पाचही चेहरे बघितले.

"मागल्या साली एक पोरगा आलता, निळ्या पिशवीचा.
त्याला पाठीचं सांगितलो.
सांगितल्यालं कुठं जातंय,
तेवढं तरी सांगून जात जावा."

कुठं जातं?
ऑफिसात, कॉम्प्युटरच्या एका रकान्यात,
तिथं पन्नास अक्षरं मावतात.
घाम, नाक, फुंकणी, तिसरा हात
यांचं मी केलं: चष्म्यास दोरी हवी.
घटीचं झालं: प्रकल्पाबाहेरील.
पाठ सापडलीच नाही.
निळ्या पिशवीचा पोरगा आता नाशकात असतो.
फोन केला. त्याला पाठ आठवत होती,
कुणाची ते आठवत नव्हतं.

महाद्वार रोडला एकशे चाळीस दोऱ्या घेतल्या,
काळ्या, ताणल्या तर ताणणाऱ्या.
दुकानदार म्हणाला, शाळा काढलाय काय?
आणि एक मोठा कागद घेतला.

तीन महिन्यांनी मुजावरांच्या गिरणीच्या भिंतीवर
तो चिकटवला, खळ लावून.
वर, तुम्ही काय सांगितलंत.
खाली, आम्ही काय केलं:
दोरी आणली.
पाठीचं विसरलो, ते आज पुन्हा विचारतोय.
घटीचं मांडलं.
"आपलं काम नव्हे" असं उत्तर आलं.
मला ते पटलेलं नाही. पण झालेलं नाही.

शेवटची ओळ लिहू नकोस, म्हणाले होते वरचे.

आक्काताई दळणाचा डबा घेऊन आली.
चष्मा डोळ्यांवर, दोरी अंबाड्याखालनं.
ओळीखाली बोट धरून
एकेक अक्षर सोडवत गेली.
"झालेलं नाही" वर बोट थांबलं.
गिरणीचा पट्टा फटफटत होता,
पीठ उडत होतं आमच्या दोघींवर.

मला वाटलं, आता बोलणार.

"पेन आण," म्हणाली.
कागदाखाली वीतभर जागा कोरी होती.
तिथं तिनं काही लिहिलं नाही लगेच.
पेन कमरेला खोचलं, डबा उचलला.
"शालनला इचारतो, रजियाला इचारतो.
मग लिवतो.
पेन पायजे असलं तर
परत येऊन ने."