पापुद्रा

हार्वेस्टर येऊन तीन हिवाळे झाले
आणि पडद्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा अजून तसाच.
त्यावर बॉलपेननं काढलेलं एक मांजर,
मिशा तेवढ्या नीट जमलेल्या.

यंत्राला पैसे मंजूर झाले होते,
शिकवणाऱ्याला नव्हते.
म्हणून मी आज आलेय,
कोस्तानायहून चार तास, एका दुधाच्या टँकरमागोमाग,
हिमवादळात त्याचे दोन लाल दिवे धरून.

शाळेचा वर्ग. बाकं आठवीच्या मुलांची,
त्यांत गुडघे कसेबसे कोंबून बसलेले अकराजण.
दाराशी नमद्याचे बूट पाणी सोडताहेत.
तेमिर्गाली आगा पुढच्या बाकावर:
चाळीस सुग्या कापलेला माणूस,
नातवाची अर्धी भरलेली वही घेऊन.

मी म्हणते, उपग्रह तुम्हाला ओळखतो
दोन सेंटिमीटरपर्यंत.
मागून एल्विरा गोसेन:
"मग त्यालाच विचारा, आमचा माणूस रात्री कुठं असतो."
हशा पिकतो.
चाळीस मिनिटांत पिकलेली तेवढीच एक गोष्ट.

मग मी नकाशा लावते.
तुमचंच शेत, चौदा नंबर, मागल्याच्या मागली सुगी.
हिरवं तिथं भरपूर, लाल तिथं कमी.
आणि हा बघा मधोमध लाल पट्टा, सरळ, रुळासारखा:
इथली जमीन खारवट,
म्हणून पुढच्या पेरणीला इथं खत दुप्पट दिलं.

"आणि गहू लोळला," आगा म्हणाले.
उठले. भिंतीजवळ गेले.
पट्ट्यावरून बोट फिरवलं सावकाश,
घोड्याच्या पाठीवरून फिरवावं तसं.
"जमीन कुठे सरळ रेषेत नासते, पोरी?
हा मी आहे.
उरलेली चिंचोळी पट्टी कापत होतो, अंधार पडत आलेला.
यंत्राचं तोंड नऊ मीटरचं,
घास जेमतेम चार मीटरचा.
त्याला कुणी सांगितलं नाही, तोंड अर्धंच भरलंय म्हणून.
सांगायचं बटण असेल ना कुठंतरी?"

आहे.
बटण आहे.

हा नकाशा मी दोन वर्षं कॉलेजात लावतेय.
पाहा मुलांनो, खारवट जमीन.
परीक्षेतही विचारलाय, पाच गुणांना,
आणि ज्यानं उत्तरात लिहिलं "पट्टा फारच सरळ आहे"
त्याला मी शून्य दिला होता.
नाव आठवतंय त्याचं. येर्सुल्तान.
आता कुठल्याशा बांधकामावर विटा मोजतो म्हणे.

जेवणानंतर शेडमध्ये गेलो. उणे एकवीस.
केबिनमध्ये दोघांपुरती जागा,
बाकीचे शिडीवर, चाकावर, काचेला नाकं लावून.
आगांनी हातमोजा दातांत धरून काढला,
अंगठ्याच्या नखानं कोपरा उचकटला.
प्लॅस्टिक थंडीनं ताठरलेलं,
कर्रकर्र करत सुटलं.
"मांजर जपून," बाहेरून कुणीतरी ओरडलं.
आगांनी ते वहीत ठेवलं, दोन पाढ्यांच्या मधे.

खाली पडदा इतका लख्ख
की बटणाचं नाव सगळ्यांना एकदमच दिसलं,
आणि ते जर्मनमध्ये होतं.

एल्विरा चाकावरून पुढे वाकली.
"मला ही भाषा प्रार्थनेपुरतीच येते," म्हणाली,
आणि ओठ हलवत, प्रार्थना म्हणावी तसंच, वाचलं:
"कामाची... रुंदी."
पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं.
"कामाची रुंदी."
अकरा वह्या निघाल्या, काही पाकिटं, एक तळहात.
पेनं चालेनात, सगळे पेनांवर फुंकर मारत उभे.

अंधार पडायच्या आत मला निघायचंय.
टँकर आज परत जाणार नाही, दिवे माझे मलाच.
मांडीवर कार्यालयाचा अर्ज:
प्रशिक्षण, एक दिवस. पूर्ण झाले? हो / नाही.
शाई गोठलीय.
पेन काखेत धरून बसलेय,
गाडी सुरू आहे.
आगा काचेवर टकटक करताहेत,
हातात वही, पान उघडलेलं,
पुढचं बटण कुठलं म्हणून.