सेकंड माल

टॉवेल उजेडावर धरून बघणं, हे माझं काम.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी, एकोणीस वर्षं.
तुटका धागा, तेलाचा थेंब, सुटलेली वीण,
बोट न थांबता सांगतं :
हा फर्स्ट, हा सेकंड.

पण मौनिकाच्या दातांवरचे
खडूसारखे पांढरे, कडेला चहासारखे डाग
मला दिसलेच नाहीत.
अंगणवाडीच्या बाईंनी दाखवले.
आम्ही म्हणालो, चॉकलेट. आम्ही म्हणालो, बोअरचं पाणी.
राखुंडीनं घासले. आणखी घासले.
पोरगी गार पाण्याला रडू लागली.

डॉक्टर नदाफ, सात रस्ता, जिना चढून पहिला मजला.
इवला आरसा तोंडात फिरवत
त्यांनी बायकोला विचारलं :
सहाव्या-सातव्या महिन्यात ताप आला होता का मोठा?
दात तेव्हाच विणले जात असतात, पोटात.
विणले, हा शब्द त्यांचा. माझा नाही.

टायफॉइड होता.
मांडीवर सूप घेऊन, कांबळ पांघरून
रोजच्या हजार विड्या वळायची पद्मावती.
आता तिथंच, स्टुलावर, बोटं चोळत बसली.
तुमची चूक नाही हो, डॉक्टर म्हणाल्या,
आणि घासू नका इतकं. मळ नाही तो,
वरचा थरच कच्चा राहिलाय.

एक औषध आहे. लावलं की कीड थांबते, स्वस्तही आहे,
पण किडका भाग काळा पडतो. मागच्या दाढेला चालेल.
पुढच्यांना पांढरा लेप. त्याला पैसे जास्त.

मी विचारलं, पडणारच ना हे दात?
पडणार की.
पण पुढचे अजून दोन-तीन वर्षं, मागचे त्याहून जास्त.
तोवर तिनं भाकरी कशानं चावायची?
दसरा म्हणताना जीभ कुठं टेकवायची?
आणि खालून येणाऱ्यांची जागा कोण धरणार?

मी हिशोब करायचा थांबलो. नंतर परत केला,
ॲडव्हान्स मागायचाच होता.

निळा उजेड पडला तेव्हा
तिनं माझं बोट धरलं होतं,
तेच, तपासायचं.

घरी आल्यावर पांढऱ्या दातांकडे तिनं बघितलंही नाही.
काळी दाढ मात्र आ करून गल्लीभर दाखवली :
नान्ना, माझ्या तोंडात जांभूळ आहे.

सोमवारी कामावर गेलो.
तिसऱ्याच टॉवेलला एक धागा सुटलेला.
बोट जरा थांबलं.
मग टाकला सेकंडमध्ये.
टॉवेल तो टॉवेलच.