नेहमीचं राहण्याचं ठिकाण

कोलवाळच्या तुरुंगात मी दोन दिवस माणसं मोजली.
माझी तिसरी-चौथी तेवढे दिवस शेजारच्या बाईंकडे.
फाटकावर मोबाइल जमा,
डब्यातला चमचासुद्धा जमा,
पेन तेवढं आत न्यायला दिलं.

तुरुंगाला फॉर्मवर म्हणतात संस्थात्मक कुटुंब.
मी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा जेलर हसले:
कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव घालू नका हां, बाई.

मोजून घ्यायची सवय इथं सगळ्यांना.
बराक उघडताना, पेजेच्या आधी,
दुपारी, उन्हं कलताना, कुलूप लावताना.
माझ्यासमोरही ते आपोआप जोडीजोडीनं बसले.
म्हापशाच्या शुक्रवारी मिरच्यावालीसुद्धा
पैसे इतक्या वेळा मोजत नाही.

दोनशे चौदाव्या ओळीवर सोयरू वेळीप.
वय एकेचाळीस. कच्चा कैदी.
सात वर्षं नुसती तारीख पडते आहे.
नेहमीचं राहण्याचं ठिकाण?
तो म्हणाला, गावडोंगरी, काणकोण.
मी लिहिलं, कोलवाळ.
पुस्तिकेत तसंच लिहायला सांगितलं होतं.
त्याला समोरून उलटी अक्षरं वाचता येत होती.
"बाये, हांगा म्हाका कोण वळखता?"
मागून कुणीतरी म्हणालं, "हवालदार वळखता."
सगळे हसले. मीही.
मग दोनशे पंधरा.

पुढं निवडणुकीच्या ट्रेनिंगला
पंख्याखाली फडफडणारा एक नकाशा पाहिला.
प्रभागाची रेघ रस्त्यानं येते,
चॅपेलला वळसा घालते
आणि भिंतीपाशी आख्खा तुरुंग पोटात घेते.
कागदावर तिथं माणसंच माणसं.
मतदारयादी चार पानांची.
ब्याऐंशी मतं घेऊन इनास कुलासो निवडून आला.
वाईट माणूस नव्हे. डोक्यांच्या हिशेबानं आलेल्या पैशांतून
त्यानं सहा दिव्यांचे खांब आणले.
त्यांचा उजेड भिंतीवर चढून थोडा आत उतरतो,
पण आत आधीच इतका उजेड असतो
की झोप लागत नाही,
असं सोयरूच सांगत होता.

आणि गावडोंगरीत एक सोयरू वजा.
एकानं काय होतंय, म्हणाल.
खरंच नाही होत.
कुणी मडगावला, कुणी बोटीवर, त्यांच्यात हाही.
दोन वाड्यांचा मिळून एकच प्रभाग झाला
तो काही एकट्या त्याच्यामुळे नव्हे.
आता मतदानाला व्हाळ ओलांडून यावं लागतं.
साकव ज्याच्याकडे मागायचा
तो पंच अलीकडच्या वाड्यावर राहतो,
त्याला साकव लागत नाही.

हे मला माहीत, कारण माझी ड्यूटी तिथंच लागली.
दुपारी देवकी आली, हातात चपला,
साडीचा काठ गुडघ्यापर्यंत ओला.
यादीत तिचं नाव शोधताना
वरच्याच ओळीवर सोयरू.
ही यादी दुसऱ्या कायद्याची,
तिच्या मते तुरुंग हे कुणाचं घर नव्हे.
फोटोत त्याला दाट केस होते.
मी देवकीच्या बोटाला शाई लावली.
"म्हण्टकच दिसता न्हय?" फोटोवर बोट टेकून ती म्हणाली.
मी काही बोलले नाही.
शाई सुकेपर्यंत ती त्याच ओळीकडे बघत राहिली.

संध्याकाळी दार ओढून हिशेब जुळवायचा असतो:
यादीत किती, आले किती, न आलेले किती.
न आलेल्यांत सोयरूही गेला.
आकडा पहिल्याच फटक्यात जुळला.
लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली.
फरशीवर टेबलापर्यंत आलेली ओली पावलं
अजून वाळायची होती.