बाहीवरचं तोंड

डलूथच्या जुन्या बेसबॉल संघाचे शर्ट
वांडा क्रुपाच्या मशीनपाशी येऊन पडलेत.
हुबेहूब अठ्ठेचाळीस सालचे दिसू देत, मॅनेजर म्हणाला,
फक्त बाहीवरचं ते तोंड नको.

लालभडक. एक पीस, बत्तीस दात.
ती टाके उसवते.
खालची लोकर अजून गर्द निळी,
ऊन न लागलेली,
त्याच तोंडाच्या आकाराची.

"हल्ली लोकांना कशाचंही लागतं,"
नवरा दारातून पुटपुटतो.
ती दातांनी दोरा तोडते.

नमुन्याचा फोटो दिव्याखाली.
मागच्या रांगेत ओजिब्वे पिचर, डेलमार किंगबर्ड.
सगळ्यांचे हात पाठीशी,
याचा उजवा पंजा
डाव्या बाहीवर, घट्ट.

फोटोवाला म्हणाला असेल, हात खाली घे.
घेतलेला नाही.